थोरल्याचा मधुमेह आणि धाकटीची तपासणी

चोपडा तालुक्यातील एका भगिनींचे चार पानी पत्र आले आहे. त्याचा सारांश प्रथम देतो. त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलाला चार महिन्यांपूर्वी टाइप वन मधुमेह असल्याचे निदान झाले. त्याआधी तीन आठवडे तो रात्रीतून चार-चार वेळा लघवीला उठत होता, सारखे पाणी पीत होता आणि मोरीत मुंग्या लागत होत्या. पण ऐन उन्हाळ्याचे दिवस असल्याने त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. उलट्या सुरू झाल्यावर दोन दिवस पोटाच्या विकाराचे उपचार झाले आणि तिसऱ्या दिवशी तो धापा टाकू लागला, तेव्हा त्याला जळगावला अतिदक्षता विभागात हलवावे लागले. आता त्याची प्रकृती चांगली आहे. दिवसाला २४ युनिट लागणारे इन्सुलिन गेल्या महिन्यात ९ युनिटांवर आले आहे. त्याच सुमारास एका ओळखीच्या गृहस्थांनी आणून दिलेली पुडी सुरू झाली असून, "आता इन्सुलिन बंद करा, पुडीनेच बरे होईल," असा त्यांचा आग्रह आहे. दुसरीकडे, अमेरिकेत राहणाऱ्या मुलाच्या मामांनी कळवले आहे की, तिकडे चौदा दिवस सलाइनमधून देण्याचे एक औषध निघाले आहे आणि ते इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींना वाचवते. ताईंना आठ वर्षांची मुलगीही आहे आणि त्या रोज संध्याकाळी भावाच्या ग्लुकोमीटरवर तिची साखर तपासतात. त्यांचे प्रश्न असे आहेत: पुडीचे काय करावे, मामा म्हणतात ते औषध मुलाला मिळेल का, मुलीला हा आजार होऊ नये म्हणून ते आधीच देता येईल का, आणि हे सारे मुलाला लहानपणापासून केळी व गोडधोड भरपूर दिल्यामुळे झाले का.

ताई, सप्रेम नमस्कार.

पुडीचा प्रश्न सर्वात आधी घेतो, कारण बाकीच्या गोष्टींना चार दिवस थांबता येईल, या गोष्टीला थांबता येणार नाही. इन्सुलिन बंद करू नका, एक दिवससुद्धा नाही. मात्रा २४ वरून ९ युनिटांवर आली ही गोष्ट खरी आणि आनंदाची आहे, पण तिचे श्रेय पुडीला नाही. टाइप वन मधुमेहाचे निदान होते त्या वेळी इन्सुलिन तयार करणाऱ्या बहुतेक बीटा पेशी नष्ट झालेल्या असल्या तरी काही शिल्लक असतात, आणि ज्या शिल्लक असतात त्या सततच्या वाढलेल्या साखरेने गळून गेलेल्या असतात. बाहेरून इन्सुलिन सुरू झाले, साखर खाली आली, की त्यांच्यावरचा भार उतरतो आणि त्या पुन्हा थोडेफार काम करू लागतात. त्यामुळे बाहेरच्या इन्सुलिनची गरज काही आठवडे किंवा काही महिने, क्वचित वर्षभरही, बरीच कमी होते. डॉक्टर मंडळी याला हनिमून काळ म्हणतात. शब्द अकरा वर्षांच्या मुलाबाबत वापरायला विचित्र वाटतो, पण तोच रूढ आहे. हा काळ निदानानंतर काही आठवड्यांनी सुरू होतो, आणि नेमक्या त्याच सुमारास धावपळ करणाऱ्या आईवडिलांच्या हाती कोणीतरी पुडी ठेवतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते आणि पुडीवाल्याचे नाव होते. पुढे काही महिन्यांनी मात्रा पुन्हा वाढू लागते तेव्हा तो म्हणतो की पथ्य मोडले असेल.

अशा पुड्यांमध्ये साखर उतरवणाऱ्या ॲलोपॅथीच्या गोळ्या किंवा स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार आढळलेले आहेत. नऊ युनिट इन्सुलिनवर असलेल्या मुलाच्या पोटात साखर उतरवणारी गोळी गेली, तर रात्री झोपेत साखर एकदम उतरू शकते. म्हणून पुडी आजच थांबवा, उरलेली फेकून न देता डॉक्टरांना दाखवा, आणि इन्सुलिनची मात्रा त्यांच्या सांगण्यानेच कमीजास्त करा. त्या गृहस्थांना दुखवायचे नसेल, तर डॉक्टरांनी मनाई केली आहे असे सांगून माझ्यावर खुशाल ढकला.

आता मुळातील गोष्ट. जठराच्या मागे स्वादुपिंड असते आणि त्यात पेशींचे लहान लहान पुंजके विखुरलेले असतात. पॉल लँगरहान्स या जर्मन वैद्यकीय विद्यार्थ्याने १८६९ मध्ये त्यांचे प्रथम वर्णन केले, म्हणून त्यांना लँगरहान्सची बेटे म्हणतात. या बेटांतील बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात. शरीरात शिरलेल्या जंतूंचा नायनाट करणे हे पांढऱ्या पेशींपैकी टी पेशींचे काम. परंतु काही जणांमध्ये या टी पेशी आपल्याच बीटा पेशींना परके समजून त्यांच्यावर तुटून पडतात. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार आहे. हे एका दिवसात घडत नाही. महिनोन् महिने, कधी कित्येक वर्षे, आतल्या आत पेशी कमी होत राहतात आणि बाहेर काहीच दिसत नाही. तहान, लघवी आणि मुंग्या ही लक्षणे अगदी शेवटी येतात, म्हणून ती दिसली तेव्हा ओळखली नाहीत याचा जो सल तुम्ही मनात धरून बसला आहात, त्याबद्दल एवढेच सांगतो: न ओळखल्याने निदानाला आठवडाभर उशीर झाला असेल, पण आजार त्यामुळे झालेला नाही. केळ्यांनी झाला नाही, शेवया-पेढ्यांनी झाला नाही, आणि दृष्ट लागूनही झाला नाही. तसे असते, तर ज्या तालुक्यांत केळी खाऊनच पिढ्या वाढल्या, तिथे घरोघरी हा आजार असता.

मामांनी कळवलेली बातमी खरी आहे, पण तिच्यातील "वाचवते" या शब्दाकडे जरा बारकाईने पाहावे लागेल. त्या औषधाचे नाव टेप्लिझुमॅब. टी पेशींच्या पृष्ठभागावर सीडी३ नावाचे एक प्रथिन असते, त्याला हे औषध चिकटते आणि बीटा पेशींच्या मागे लागलेल्या टी पेशींचा जोर ओसरवते. त्या सरसकट मारून टाकत नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. इथवर यायला चाळीस वर्षे लागली. १९८० च्या दशकात फ्रान्समध्ये आणि कॅनडात नव्याने मधुमेह झालेल्या रुग्णांना सायक्लोस्पोरिन देऊन पाहिले गेले. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना देतात तेच हे औषध. काही जणांचे इन्सुलिन खरोखर थांबले, पण औषध बंद करताच आजार परत आला आणि औषध चालू ठेवावे तर मूत्रपिंडाला अपाय होऊ लागला. तरीही त्यातून एक गोष्ट पक्की समजली की, प्रतिकारशक्तीला आवर घातला तर बीटा पेशींचा नाश रोखता येतो. पुढे ब-३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार असलेल्या निकोटिनामाइडची युरोपात मोठी चाचणी झाली आणि २००४ मध्ये तिचे निष्कर्ष आले तेव्हा त्याचा काहीच उपयोग नाही हे स्पष्ट झाले. "पेशींना ताकद देतात" म्हणून कोणी तुम्हाला गोळ्या विकू पाहील, तेव्हा एवढे एक उदाहरण ध्यानात असू द्या.

टेप्लिझुमॅबचा प्रवासही सरळ झाला नाही. नुकताच मधुमेह झालेल्या रुग्णांवरील त्याची एक मोठी चाचणी, जिच्यात भारतातील केंद्रेही होती, ठरवलेल्या निकषांवर २०१० मध्ये अपयशी ठरली. मग संशोधकांनी उलट बाजूने विचार केला: आजार उघड झाल्यावर नव्हे, तो आत सुरू झाला आहे पण बाहेर दिसत नाही, अशा टप्प्यावर औषध दिले तर? ट्रायलनेट या संशोधन-जाळ्याने ७६ जणांवर ही चाचणी केली. हे सारे टाइप वन मधुमेहाच्या रुग्णांचे नातलग होते, त्यांच्या रक्तात आजाराच्या खुणा सापडल्या होत्या, साखर किंचित बिघडू लागली होती, आणि त्यांतील बहुतेक मुले होती. ४४ जणांना एकदाच चौदा दिवस औषध दिले, ३२ जणांना नुसतेच सलाइन. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसते सलाइन मिळालेल्या गटात निम्म्या जणांना मधुमेह होईपर्यंत सुमारे २४ महिने गेले, औषध मिळालेल्या गटात सुमारे ४८ महिने. पुढे याच लोकांना अधिक काळ पाहिल्यावर हा फरक अडीच वर्षांच्या वर गेल्याचे दिसले. या पुराव्यावर १७ नोव्हेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. मधुमेह पुढे ढकलणारे म्हणून मान्यता मिळालेले हे पहिलेच औषध. ती मान्यता आठ वर्षे व त्यावरील वयाच्या, आजाराच्या दुसऱ्या टप्प्यात असलेल्या व्यक्तींसाठी होती. दुसरा टप्पा म्हणजे काय ते पुढे सांगतो, कारण तुमच्या मुलीचा सारा प्रश्न त्या दोन शब्दांवर अडलेला आहे.

तुमचा मुलगा तिसऱ्या, म्हणजे आजार उघड झालेल्या, टप्प्यात आहे. त्याच्यासाठी काय, याचे उत्तर तुम्हाला आवडणार नाही, पण स्पष्ट देणे बरे. नवे निदान झालेल्या ८ ते १७ वर्षांच्या मुलांना टेप्लिझुमॅबचे दोन कोर्स देऊन झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. शिल्लक बीटा पेशी औषध घेतलेल्या मुलांमध्ये अधिक टिकल्या, हे सी-पेप्टाइडच्या तपासणीत दिसले. (स्वादुपिंड इन्सुलिन तयार करते तेव्हा तितकेच सी-पेप्टाइडही बाहेर पडते, बाटलीतील इन्सुलिनमध्ये ते नसते, म्हणून शरीराचे स्वतःचे इन्सुलिन किती आहे हे त्यावरून कळते.) मात्र रोज लागणारे इन्सुलिन आणि तीन महिन्यांची सरासरी साखर यांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. शिवाय त्या मुलांना निदानानंतर सहा आठवड्यांच्या आत औषध सुरू केले होते. ऑस्ट्रेलियात संधिवाताच्या बॅरिसिटिनिब या गोळ्या ४८ आठवडे देऊन पेशी टिकतात असे दिसले, पण तिथेही गोळ्या निदानापासून शंभर दिवसांच्या आत सुरू केल्या होत्या आणि बंद केल्यावर गुण ओसरत गेला. तुमच्या मुलाच्या निदानाला चार महिने झाले आहेत. म्हणजे ज्या मुदतीत ही औषधे तपासली गेली, ती मुदत उलटून गेली आहे. मुदतीत असतानाही ती चाचणीबाहेर नेहमीच्या उपचाराचा भाग म्हणून दिली जात नव्हती, तेव्हा आपल्या हातून संधी निसटली असे मानू नका.

व्हेरापामिल या आणखी एका गोळीबद्दल मात्र चार ओळी अधिक लिहितो, कारण ही गोळी रक्तदाबासाठी कित्येक वर्षे वापरात आहे, स्वस्त आहे आणि औषधाच्या दुकानात सहज मिळते. त्यामुळे बातमी वाचून ती परस्पर सुरू करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. अमेरिकेत ७ ते १७ वर्षांच्या ८८ मुलांवर झालेल्या चाचणीत, निदानानंतर महिन्याभरात ती सुरू केलेल्या मुलांमध्ये वर्षअखेरीस सी-पेप्टाइड इतरांपेक्षा सुमारे तीस टक्के अधिक होते. बीटा पेशीच्या आत तिचा मृत्यू ओढवणारे एक प्रथिन साखर वाढली की वाढते, ते ही गोळी खाली आणते. ती प्रतिकारशक्तीला हात लावत नाही, हा तिचा मोठा गुण. पण ती हृदयाची गती आणि रक्तदाब कमी करते, म्हणून चाचणीतील मुलांचे ईसीजी आणि रक्तदाब वारंवार तपासले जात होते. तुमच्या डॉक्टरांना विचारा, जरूर विचारा; पण कोणाच्या चिठ्ठीवरून दुकानातून आणून देऊ नका.

साखर अगदी काटेकोर ठेवली तर उरलेल्या पेशी वाचतील का, हेही तुम्ही विचारले आहे. पूर्वी तसे मानले जाई. ब्रिटनमध्ये नव्याने निदान झालेल्या मुलांना स्वयंचलित इन्सुलिन पंपावर ठेवून हे तपासले गेले आणि २०२२ मध्ये उत्तर आले की, साखर चांगली राहिली तरी पेशींचा ऱ्हास त्यामुळे थांबला नाही. म्हणून पुढे मात्रा वाढू लागेल तेव्हा, आपण कुठे कमी पडलो, असा दोष स्वतःला लावू नका. साखर आटोक्यात ठेवायची ती डोळे, मूत्रपिंडे आणि नसा यांच्यासाठी. त्याचा लाभ १९९३ च्या मोठ्या अमेरिकी चाचणीपासून निर्विवाद आहे. आणि मात्रा अचानक वाढली, तर हनिमून संपला असे ठरवण्याआधी बाटली पाहा. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या घरात जातो, दुपारी वीज जाते, आणि पत्र्याच्या घरात किंवा एसटीच्या खिडकीशी ठेवलेल्या पिशवीत इन्सुलिनचा कस उतरतो. उघडलेली बाटली तीस अंशांच्या खाली ठेवून साधारण चार आठवड्यांत संपवायची असते. फ्रिज बंद पडत असेल तर ओल्या वाळूत बसवलेले मडके कामाला येते.

आता मुलीकडे वळतो. औषधाचा खरा विचार तिच्याबाबतच करायचा आहे, पण औषधाच्या आधी तपासणी आहे, आणि तपासणीच्या आधी थोडा धीर. युरोप-अमेरिकेतील नोंदींनुसार, टाइप वन मधुमेह असलेल्या मुलाच्या भावंडाला पुढे हा आजार होण्याची शक्यता शंभरात पाच-सहा इतकी असते. इतर मुलांच्या मानाने ती पंधरा-वीस पट असली, तरी शंभरातील चौऱ्याण्णव भावंडांना तो होत नाही. तिच्या बाबतीत काय ते जाणून घेण्याचा मार्ग रक्तातील प्रतिपिंडांची, म्हणजे अँटिबॉडीची, तपासणी हा आहे. यात जीएडी, आयए-२, झेडएनटी८ आणि इन्सुलिनविरोधी अशा चार प्रतिपिंडांचा शोध घेतात. ही प्रतिपिंडे स्वतः पेशी मारत नाहीत. आत हल्ला सुरू असल्याचा तो माग आहे. रक्त साध्या सुईने घेतात, नमुना मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवतात आणि काही हजार रुपये खर्च येतो. जळगाव किंवा धुळ्याला नमुना देता येतो का, याची आधी फोनवर चौकशी करा, म्हणजे मुलीला घेऊन उगाच खेप पडणार नाही. इन्सुलिनविरोधी प्रतिपिंडाची तपासणी ज्याला इन्सुलिन सुरू झाले आहे त्याच्यात फसवी ठरते, पण मुलीला ती अडचण नाही.

एकही प्रतिपिंड सापडले नाही, तर तूर्त निश्चिंत व्हा. तिच्या वयात एक-दोन वर्षांनी पुन्हा एकदा तपासणे योग्य, कारण ती उशिराही उमटू शकतात. एकच सापडले, तर दुसऱ्या नमुन्यावर खात्री करून लक्ष ठेवायचे. अशा मुलांपैकी बहुसंख्य मुलांना पुढील दहा वर्षांत मधुमेह होत नाही. दोन किंवा अधिक सापडली आणि साखर पूर्ण सामान्य असली, तर तो पहिला टप्पा. इथे शब्द न चोरता सांगतो: या टप्प्यावर पोहोचलेल्या मुलांना आज ना उद्या मधुमेह होतोच असे जवळजवळ म्हणता येते, फक्त केव्हा ते सांगता येत नाही. दोन किंवा अधिक प्रतिपिंडे आणि जोडीला साखर किंचित बिघडलेली, म्हणजे उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी १४० ते १९९, असे असेल तर तो दुसरा टप्पा. टेप्लिझुमॅबला मान्यता मिळाली ती इथे. पहिल्या टप्प्यात ते दिले जात नाही, आणि प्रतिपिंडेच नसलेल्या मुलीला "आधीच देऊन ठेवणे" म्हणजे बिनाकारण तिच्या प्रतिकारशक्तीला धक्का लावणे होईल. मामांना एवढे जरूर कळवा.

ग्लुकोज पाजून करायची तपासणी प्रतिपिंडे सापडली तरच लागेल. तशी वेळ आली तर मुलीला रात्रीपासून उपाशी ठेवून सकाळी लवकर प्रयोगशाळेत न्यावे लागते, वजनाच्या हिशोबाने, जास्तीत जास्त ७५ ग्रॅम, ग्लुकोज पाण्यातून पाजतात आणि दोन तास तिथेच बसवून रक्त घेतात. ते पाणी इतके गोडमिट्ट असते की, पोरे दुसऱ्या घोटालाच तोंड वाकडे करतात; सावकाश पण पाच मिनिटांत संपवायचे असते. दोन तास ती पळापळ करणार नाही असे काहीतरी सोबत न्या, आणि डब्यात भाकरी-भरीत न्या, कारण शेवटची सुई निघाल्यावर तिला सणसणून भूक लागलेली असेल.

दुसरा टप्पा निघालाच, तर औषध कसे असते तेही सांगतो, म्हणजे चौदा दिवसांचे सलाइन या शब्दांवर निर्णय होणार नाही. सलग चौदा दिवस रोज, एकही दिवस न चुकवता, किमान अर्धा तास शिरेतून देतात. मात्रा उंची-वजनावरून काढतात. पहिल्या दिवशी अगदी थोडी, मग चढत जाऊन पाचव्या दिवसापासून पूर्ण. सुरुवातीच्या पाच दिवसांत ताप, डोकेदुखी, मळमळ होऊ नये म्हणून आधी औषधे देतात. अंगावर पुरळ येते, पांढऱ्या पेशी काही आठवडे खाली जातात आणि मग बहुतेकांत पूर्ववत होतात. म्हणून आधी रक्ताच्या आणि यकृताच्या तपासण्या, अंगात कोणताही जुना-नवा संसर्ग नसल्याची खात्री, आणि लसीकरणाची वही तपासणे आवश्यक असते: गोवर-रुबेला, कांजिण्या यांसारख्या जिवंत जंतूंच्या लसी किमान आठ आठवडे आधी, इतर दोन आठवडे आधी पूर्ण कराव्या लागतात. संसर्गाच्या तपासण्यांत तुम्हाला सीएमव्ही हे नाव दिसेल आणि केळी-बागायतदारांच्या घरात ते वाचून दचकायला होईल. रावेर-यावलकडे केळीची झाडे उपटायला लावणारा सीएमव्ही वेगळा. तो काकडीवर्गातून येणारा वनस्पतींचा विषाणू, माणसाला तो होत नाही. अहवालातील सीएमव्ही हा माणसांतला निराळा विषाणू आहे, नावाची आद्याक्षरे तेवढी जुळली.

खर्चाचा आकडा मामांनी लिहिलेला नाही, तो मी लिहितो. मान्यता मिळाली तेव्हा अमेरिकेत चौदा कुप्यांची किंमत १,९३,९०० डॉलर, म्हणजे दीड कोटी रुपयांहून अधिक, ठेवण्यात आली होती. परदेशातील औषध स्वतःच्या वापरासाठी मागवायला केंद्रीय औषध नियंत्रकांचा परवाना आणि डॉक्टरांची चिठ्ठी लागते. तेव्हा कोणीही "मी अर्ध्या किमतीत आणून देतो" म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. हे औषध थंड साखळीत राहिले नाही तर निकामी होते, आणि कुपीकडे पाहून ते कळत नाही. शेत विकण्याचा विचार पत्रात आहे, तो मनातून काढून टाका. औषध ज्यांना दिले त्या ४४ जणांतही सुमारे ४३ टक्क्यांना चाचणीच्या काळातच मधुमेह झाला. न घेतलेल्यांत हे प्रमाण ७२ टक्के होते. लाभ मोठा आहे, पण हमी नाही, आणि घर रस्त्यावर आणून घ्यावा असा तो नाही.

मग तपासणी तरी कशाला करायची, असे तुमच्या यजमानांनी विचारले आहे, आणि प्रश्न रास्त आहे. माझे मत असे की, औषध परवडले नाही तरी तपासणीचा उपयोग उरतोच. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात २०१५ पासून लहान मुलांच्या प्रतिपिंडांची तपासणी होते आहे. ज्या घरांना आधी कल्पना होती, तिथली मुले अतिदक्षता विभागात धापा टाकत पोहोचण्याचे प्रमाण फारच कमी राहिले. तुमच्या मुलाने तिसऱ्या दिवशी जे भोगले, ते मुलीच्या वाट्याला येऊ न देणे आपल्या हातात आहे, आणि त्याला दीड कोटी लागत नाहीत. शिवाय औषध मिळून आजार दोन-तीन वर्षे पुढे गेला तर आठ वर्षांच्या मुलीऐवजी अकरा वर्षांच्या मुलीला सुई धरावी लागते. हा फरक किती आहे, हे थोरल्याला स्वतःचे इंजेक्शन टोचताना तुम्ही पाहिलेच आहे.

तोवर तिच्या बोटाला रोज सुई टोचणे थांबवा. ग्लुकोमीटरवर साखर बिघडलेली दिसते ती उशिरा, आणि रोजच्या टोचण्याने मुलीला वाटू लागते की, आपलीही पाळी येणारच आहे. ती फार पाणी पिऊ लागली, रात्री उठू लागली, अंथरूण ओले होऊ लागले, वजन उतरले किंवा कारण नसताना उलट्या झाल्या, तर मात्र त्याच क्षणी तपासा. कोणत्याही वेळी २०० च्या वर किंवा उपाशीपोटी १२६ आणि त्यावर आकडा आला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा आणि दारातच सांगा की हिच्या भावाला टाइप वन आहे. ते एक वाक्य पुढचे दोन दिवस वाचवील.

प्रतिपिंडांचा अहवाल काहीही आला, तरी तो घेऊन एकदा बाल-अंतःस्रावतज्ज्ञांना, म्हणजे मुलांच्या हार्मोनचे विकार पाहणाऱ्या डॉक्टरांना, दाखवा. असे तज्ज्ञ नाशिक, पुणे, मुंबईत आहेत आणि पहिली भेट झाल्यावर पुढचा सल्ला अनेकदा फोनवरही मिळतो. जाताना मुलाच्या सी-पेप्टाइडचाही अहवाल करून न्या. मुलीसाठी औषधाची कोणती चाचणी सुरू आहे का, हेही त्यांनाच विचारा, कारण चाचणीत समावेश झाला तर औषध विनामूल्य मिळते.

राहिला शेवटचा प्रश्न, सासूबाईंचा: श्रावणात कानबाईचे रोट होतील, तेव्हा मुलाला पुरणपोळी द्यायची की नाही. द्या. घरातील सगळे भाऊबंद ताटावर बसलेले असताना त्याला एकट्याला उठवू नका. खापरावरची मोठी पोळी असेल तर अर्धी, तुपासह, जेवणाच्या सुरुवातीला नव्हे तर भात-आमटीच्या जागी. आणि त्या दिवशी जेवणाआधीचे इन्सुलिन किती वाढवायचे ते आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून ठेवा. दोन तासांनी साखर तपासा, आकडा वहीत नोंदवा, म्हणजे पुढच्या वर्षी सासूबाईंना हा प्रश्न मला विचारावा लागणार नाही.